बाळंतपणाच्या विखुरलेल्या नोंदी

न्हावा शेवा हे बंदर नवी मुंबईच्या नावाने ओळखले जात असले, तरी ज्या गावांच्या जमिनीवर ते उभे राहिले ती गावे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील आहेत, आणि या एका प्रशासकीय तपशिलावरून तेथील बाळंतपणाच्या नोंदी कशा विखुरतात याची कल्पना येऊ शकते. जासई, सोनारी, करळ किंवा जसखार येथील गर्भवतीची पहिली नोंद गावात येणाऱ्या आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत, म्हणजे रायगड जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत होते. सोनोग्राफीचा अहवाल एखाद्या खाजगी केंद्रात राहतो. प्रसूती उरणला, पनवेलला, नवी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात किंवा खाजगी प्रसूतिगृहात होऊ शकते. आणि गुंतागुंत वाढली तर रुग्णवाहिका खाडीपलीकडे मुंबईकडे वळते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाल्यापासून हे अंतर बरेच आटोपशीर झाले आहे, परंतु नोंदीच्या दृष्टीने पूल ओलांडणे म्हणजे एका स्थानिक संस्थेच्या दप्तरातून दुसरीच्या दप्तरात जाणे होय. त्यातच १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार घटनेची नोंद कुटुंब जेथे राहते तेथे न होता ती घटना जेथे घडली तेथे होते, त्यामुळे उरणच्या आईचे बाळ वाशीत जन्मले आणि मुंबईत दगावले, तर त्या बाळाचा जन्म एका महापालिकेच्या आणि मृत्यू दुसऱ्या महापालिकेच्या निबंधकाकडे नोंदला जातो, आणि ज्या उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेने त्या आईचा रक्तदाब महिनोन्‌महिने मोजला, तिच्या वहीत या दोन्हींपैकी काहीही आपोआप उमटत नाही.

याच परिसरात मालाची नोंद मात्र विलक्षण काटेकोर आहे. २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झालेल्या या बंदरातून ये-जा करणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असा जगभर मान्य असलेला क्रमांक रंगवलेला असतो, त्यातील शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुधा तेथल्या तेथे पकडली जाते, आणि २०१६ च्या जुलैपासून येथेच सुरू झालेल्या ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ या व्यवस्थेत कंटेनरला रेडिओलहरींवर चालणारी चिठ्ठी अडकवून तो कोणत्या दारातून आणि कोणत्या टोलनाक्यावरून पुढे गेला हे पाहता येते. गर्भवतीच्या बाबतीत असे का होऊ नये, हा प्रश्न सहज सुचणारा असला तरी तो अर्धाच खरा आहे, कारण कंटेनर लग्न करत नाही, नाव बदलत नाही, माहेरी जात नाही आणि आपली माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्कही मागत नाही.

एकाच व्यक्तीविषयी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या नोंदी ओळखून एकत्र आणण्याच्या पद्धतीला नोंदजोडणी असे म्हणता येईल. अमेरिकेच्या जीवनविषयक सांख्यिकीचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडताना असे सुचवले, की प्रत्येक माणसाचे आयुष्य हे जन्माच्या नोंदीने सुरू होणारे आणि मृत्यूच्या नोंदीने संपणारे एक पुस्तक मानावे, आणि नोंदजोडणी म्हणजे त्या पुस्तकाची सुटी पाने एकत्र बांधणे. माता आणि नवजात शिशू यांच्या आरोग्याच्या अभ्यासात या बांधणीला विशेष महत्त्व येते, कारण येथे कारण आणि परिणाम बहुधा वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांच्या पुस्तकांत असतात. तिसऱ्या महिन्यातील रक्तक्षय आईच्या कार्डावर नोंदलेला असतो, बाळाचे अपुरे वजन प्रसूतिगृहाच्या रजिस्टरमध्ये असते, त्या बाळाला झालेला जंतुसंसर्ग नवजात शिशू कक्षाच्या केसपेपरवर असतो, आणि तीन वर्षांनी त्याच आईचे दुसरे बाळंतपण अवघड का झाले याचे उत्तर पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियेच्या टिपणात दडलेले असते.

सरकारी आरोग्य खात्याकडे आकडे नसतात असे नाही, उलट ते मोठ्या प्रमाणावर असतात, परंतु त्यांचे स्वरूप मुळात बेरजेचे असते. २००८ पासून देशभर चालणाऱ्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत प्रत्येक संस्था महिन्याला किती गर्भवतींची नोंद झाली, किती प्रसूती झाल्या, किती बाळे कमी वजनाची होती, असे आकडे कळवते, आणि या बेरजांवरून औषधांचा पुरवठा किंवा खाटांची गरज ठरवता येते. पण ज्या स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या नाहीत त्यांचीच बाळे कमी वजनाची झाली काय, या प्रश्नाचे उत्तर दोन बेरजा शेजारी ठेवून मिळत नाही. त्यासाठी नावनिशीवार नोंद, म्हणजे एका ओळीत एक व्यक्ती अशी नोंद लागते, आणि त्या ओळी एकमेकींशी जुळवाव्या लागतात.

अशा जुळवणीतून काय हाती लागू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातील आहे. तेथील आरोग्य परिचारिकांच्या प्रमुख एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि एका वर्षाचे वजन वह्यांमध्ये लिहिले जात असे. त्या वह्या अनेक दशकांनंतर डेव्हिड बार्कर यांच्या साउदॅम्प्टन येथील संशोधक गटाच्या हाती आल्या, त्यांनी त्यांतील नावे मृत्यूच्या नोंदींशी जुळवली, आणि लहान वजनाची बाळे पुढे प्रौढ वयात हृदयविकाराने अधिक प्रमाणात मृत्यू पावली असे १९८९ मध्ये दाखवून दिले. हा पहिला निष्कर्ष ५,६५४ पुरुषांपुरताच होता, कारण लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रियांचा माग काढणे संशोधकांना त्या वेळी जड गेले. ज्या शास्त्राचा पाया आईच्या पोटातील वाढीवर उभा राहिला, त्याच्या पहिल्या पुराव्यातून मुलीच वगळल्या जाव्यात ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तीच अडचण येथे अनेक पटींनी मोठी होते.

नॉर्वेने दुसरा मार्ग धरला. गर्भारपणातील मळमळीवर सर्रास दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हातपाय अपुरे असलेली बाळे जन्मल्याचे १९६१ मध्ये उघड झाल्यावर अशी आपत्ती वेळीच ध्यानात यावी म्हणून तेथे १९६७ मध्ये राष्ट्रीय जन्मनोंदवही सुरू झाली. प्रत्येक नागरिकाला क्रमांक देण्याची पद्धत त्याआधीच, १९६४ मध्ये, आलेली होती. या दोहोंचा उपयोग २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर ठळकपणे दिसला. गर्भवतींनी या आजाराची लस घ्यावी की नाही याविषयी लोकांच्या मनात भीती असताना तेथील संशोधकांनी जन्मनोंदी, लसीकरणाच्या नोंदी आणि डॉक्टरांकडील भेटींच्या नोंदी जोडून एक लाखाहून अधिक गर्भारपणे तपासली, आणि पोटातील बाळ दगावण्याचा धोका लसीमुळे वाढलेला आढळत नाही, तो प्रत्यक्ष आजारामुळे वाढतो असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. यासाठी एकाही स्त्रीला नव्याने प्रश्नावली भरावी लागली नाही.

जेथे असा एकच क्रमांक सर्व नोंदींवर लिहिलेला असतो तेथे जोडणी सोपी असते, आणि तिला निश्चित जोडणी म्हणतात. जेथे तो नसतो किंवा अर्ध्या कागदांवरच असतो, तेथे नाव, वय, पत्ता, तारीख अशा खुणांवरून दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असण्याची शक्यता किती याचा हिशेब करावा लागतो. ही संभाव्यतेवर आधारलेली जोडणी होय. तिची संगणकीय सुरुवात कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम यांनी १९५९ मध्ये केली आणि तिचे गणित इव्हान फेलेगी व अ‍ॅलन संटर यांनी १९६९ मध्ये पक्के केले. या गणिताचे सूत्र असे, की दोन कागदांवर एखादी खूण जुळली तर तिला किती वजन द्यायचे हे ती खूण किती दुर्मीळ आहे यावर ठरवावे. उरण तालुक्यातील दोन कागदांवर म्हात्रे, घरत, ठाकूर, पाटील किंवा कोळी हे आडनाव जुळले तर त्यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, कारण आगरी-कोळी वस्तीच्या या गावांत एका पाड्यात त्याच आडनावाची कितीतरी घरे असतात आणि त्यांत एकाच नावाच्या दोन-तीन सुनाही आढळतात. तेच आडनाव आसाममधील एखाद्या रुग्णालयाच्या यादीत दोनदा दिसले तर मात्र ती व्यक्ती एकच असावी असा तर्क बळकट होतो. शिवाय येथील नावे कधी मराठीत तर कधी रोमन लिपीत नोंदली जातात, आणि रोमन लिपीत म्हात्रे हे आडनाव लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे दोन-तीन रूपे घेते.

मराठी समाजाच्या चालीरीतींमुळे या अडचणीत आणखी भर पडते. विवाहानंतर स्त्रीच्या नावातील मधले नाव आणि आडनाव ही दोन्ही बदलतात, काही घरांत तिचे पहिले नावही बदलले जाते, आणि आधार कार्डावर माहेरचे तर रेशनकार्डावर सासरचे नाव असण्याचा प्रकार नित्याचा आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे सातव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात आणि बाळाची दीड महिन्याची लस दोहोंपैकी कोठेही, अशी एका गर्भारपणाची तीन ठिकाणी विभागणी होते. परंतु सर्वांत गंभीर अडचण बाळाच्या नावाची आहे. नवजात काळात, म्हणजे पहिल्या २८ दिवसांत, होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत होतात, आणि आपल्याकडे बारसे रूढीप्रमाणे बाराव्या दिवशी होते. याचा अर्थ असा, की ज्या बाळांच्या मृत्यूचा अभ्यास करायचा त्यांपैकी बहुतेकांना नाव मिळालेलेच नसते. रुग्णालयाच्या कागदांवर ती अमक्या बाईचे बाळ एवढ्याच ओळखीने राहतात, आणि आईच्या नावाच्या लेखनात एका अक्षराचा फरक पडला तर त्या बाळाचा जन्म आणि मृत्यू यांचे नाते तुटते. जुळ्यांच्या बाबतीत तर आई, तारीख, रुग्णालय आणि बहुधा लिंगही सारखेच असल्यामुळे कोणते बाळ जगले आणि कोणते दगावले याचीच अदलाबदल होण्याचा संभव असतो.

जोडणीतील चुका दोन प्रकारच्या असतात: वेगळ्या व्यक्तींच्या नोंदी एकत्र बांधल्या जाणे, आणि एकाच व्यक्तीच्या नोंदी सुट्या राहणे. या चुका सर्वत्र सारख्या पसरलेल्या असत्या तर संशोधनाची फारशी हानी झाली नसती, पण त्या तशा पसरत नाहीत. समजा एखाद्या भागात वर्षाला १,००० जिवंत जन्म झाले, त्यांपैकी २० बाळे महिन्याच्या आत दगावली, आणि त्या २० मृत्यूंपैकी १० नोंदी नावाच्या घोळामुळे जन्माशी जुळल्या नाहीत. तर जोडलेल्या माहितीत मृत्युदर हजारी २० ऐवजी १० दिसेल, आणि सुट्या राहिलेल्या दहांपैकी बहुतेक बाळे अपुऱ्या दिवसांची असतील तर अपुरे दिवस आणि मृत्यू यांचा संबंधही आहे त्यापेक्षा क्षीण भासेल. आकडा चुकीचा असूनही तो दिलासा देणारा असतो, म्हणून त्याच्याविषयी कोणी शंका घेत नाही.

या सुट्या राहिलेल्या नोंदी कोणाच्या असतात हे रायगड जिल्ह्यात तरी अनुमानाने सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक असलेल्या कातकरी समाजातील अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जिल्ह्याच्या आत-बाहेर जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे गर्भारपणाचा मोठा भाग किंवा प्रसूतीच स्थलांतराच्या काळात येते. बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनरची गोदामे, वाहनतळ आणि बांधकामे वाढली, तेथे देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या कामगारांच्या बायका बाळंतपणासाठी कधी गावी जातात तर कधी येथेच राहतात. ज्यांना धोका अधिक त्यांचीच नोंद तुटण्याचा संभवही अधिक, अशी ही स्थिती आहे.

महाराष्ट्रात ज्या अभ्यासांनी माता-बालकांविषयी भरवशाचे ज्ञान दिले त्यांच्याकडे पाहिले, की त्यांनी ही अडचण संगणकाच्या आधी माणसांच्या ओळखीने सोडवली असे आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बार्कर यांच्या साउदॅम्प्टनच्या गटाशी सहकार्य करून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा जो अभ्यास सुरू केला, त्यात स्त्रियांची नोंद गर्भारपणाआधीच करण्यात आली, आणि त्या गर्भवती राहिल्यावर त्यांचा आहार, श्रम, रक्तातील घटक आणि नंतर बाळाचे मोजमाप हे सारे एकाच धाग्यात ओवले गेले. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी होते, परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. दिसायला कृश आणि आतून चरबीयुक्त अशा भारतीय बाळाचे हे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मधुमेहाच्या संशोधनात त्याला मोठे स्थान मिळाले. त्याच मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा गर्भारपणात ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून पुढे तीच मुले किशोरवयात आल्यावर त्यांना ब-१२ देऊन त्यांच्या होणाऱ्या अपत्यांवर काय परिणाम होतो हे पाहणारा प्रयोग २०१२ मध्ये आखला गेला. आई, तिचे मूल आणि त्या मुलाचे मूल अशा तीन पिढ्यांच्या नोंदी जोडलेल्या राहणे हे एखाद्या प्रणालीचे श्रेय नसून दारोदार जाणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांचे आणि त्यांना वर्षानुवर्षे दार उघडणाऱ्या कुटुंबांचे श्रेय आहे.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच पायावर केईएमच्या संशोधन केंद्राने २००२ मध्ये परिसरातील २२ गावांची सातत्याने नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. तिच्यात प्रत्येक रहिवाशाला कायमचा क्रमांक असतो आणि जन्म, मृत्यू, गावात येणे व गावाबाहेर जाणे या चार घटनांची ठरावीक मुदतीने घरोघर जाऊन नोंद होते. येणे-जाणे टिपण्याचे महत्त्व वरकरणी जाणवत नाही, पण एखादे बाळ पुढच्या फेरीत घरी दिसले नाही तर ते दगावले की आईबरोबर आजोळी गेले हे ठाऊक असल्याशिवाय मृत्युदर काढताच येत नाही. वढूचा परिसर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कारखान्यांमुळे स्थलांतरितांनी गजबजलेला असल्याने उरण-पनवेल पट्ट्याशी त्याचे साम्य बरेच आहे, आणि तेथे जे साधले ते बंदरालगतच्या गावांत साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याची ख्याती मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याच्या निष्कर्षासाठी आहे, आणि तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत सेवा देऊन आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवून केलेल्या या प्रयोगाची दुसरी, कमी चर्चिली गेलेली बाजू म्हणजे मोजणी. गावात राहणाऱ्या माणसाने टिपलेले जन्म-मृत्यू दर सहा महिन्यांनी घरोघर होणाऱ्या स्वतंत्र पाहणीशी ताडून पाहिले जात, त्यामुळे पहिल्या दिवशी दगावलेले, कोठेही न नोंदलेले बाळही हिशेबात येत असे. हीच शिस्त घेऊन राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, आणि प्रत्यक्षातील बालमृत्यू सरकारी यंत्रणेने नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे पुढे आणले. त्यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत पुष्कळ वाद झाले. अहवालाचा गाभा मात्र वैद्यकीय नव्हताच. जे मृत्यू झाले होते ते कागदावर का आले नाहीत, हा त्याचा खरा प्रश्न होता. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची गडचिरोलीची पद्धत २०११ पासून देशभरच्या आशा स्वयंसेविकांच्या कामात आली, आणि संस्थेत प्रसूती झालेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाण्याचा नियम ठरला. मोजणीची शिस्त मात्र तितक्याच निष्ठेने उचलली गेली असे म्हणता येत नाही.

मातामृत्यूच्या बाबतीत जोडणीची गरज आणखी वेगळ्या कारणाने भासते. गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत गर्भारपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू मानला जातो, पण अशी स्त्री पुष्कळदा प्रसूतिकक्षाबाहेर, दुसऱ्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, कावीळ, न्यूमोनिया किंवा हृदयविकार अशा नोंदीखाली मरण पावते, आणि मृत्यूच्या दाखल्यात गर्भारपणाविषयीचा रकाना कोरा राहिला तर ती माता होती हे सांख्यिकीतून पुसले जाते. नुकत्याच झालेल्या बाळंतपणांची यादी आणि प्रजननवयातील स्त्रियांच्या मृत्यूंची यादी एकमेकींशी ताडून पाहणे हा यावरचा उपाय आहे. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता आणि देशाचा ९७. राज्याचे स्थान केरळच्या खालोखाल होते, आणि हे यश मोठेच आहे. परंतु घटना इतकी विरळ झाली, की नमुना पाहणीतून तिचा अंदाज घेण्यासाठी तीन-तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते, आणि एका जिल्ह्यात किंवा एका तालुक्यात काय घडते आहे हे त्यातून कळत नाही.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. प्रत्येक गर्भवतीला आणि बाळाला क्रमांक देऊन त्यांचा पाठपुरावा करणारी प्रणाली २००९ मध्ये सुरू झाली आणि तिची जागा पुढे प्रजनन व बाल आरोग्याच्या ‘आरसीएच’ पोर्टलने घेतली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू होऊन चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक आला. आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने या नोंदींचा राष्ट्रीय साठा ठेवण्याची तरतूद केली. यंत्रणा अशा वाढत गेल्या, तसा त्यांत माहिती भरण्याचा भार मात्र एकाच ठिकाणी साचत गेला. आरोग्य सेविका आधी वहीत लिहिते, मग तेच संगणकावर किंवा टॅबवर चढवते. २०२३ च्या अखेरीस राज्यभर झालेल्या आशा स्वयंसेविकांच्या आंदोलनात मानधनाबरोबर ऑनलाइन कामांच्या सक्तीचाही मुद्दा होता, आणि त्याकडे केवळ कामगार प्रश्न म्हणून पाहणे चूक ठरेल, कारण थकलेल्या हाताने भरलेला क्रमांक पुढच्या सगळ्या जोडण्या बिघडवतो. मनुष्यबळ आणि हेतू स्पष्ट असले तर थोड्या काळातही काय होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे कोविडच्या साथीत मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाबरोबर उभारलेली ‘प्रेगकोविड’ नोंदवही. तिच्यात १९ वैद्यकीय महाविद्यालयांतील बाधित गर्भवतींची माहिती एकाच नमुन्यात गोळा झाली, आणि पहिल्या लाटेतील चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीसारख्या धोक्यांविषयी प्रत्यक्ष महाराष्ट्रातील पुरावा उपलब्ध झाला.

जोडलेली नोंद जितकी उपयुक्त तितकीच ती उघडी पडली तर घातक असते, आणि बाळंतपणाच्या क्षेत्रात हा धोका अमूर्त नाही. गर्भपात, एचआयव्हीची बाधा, विवाहापूर्वीचे गर्भारपण, आधीच्या मुलींची संख्या या गोष्टी एका ठिकाणी आल्या, तर त्या वाचणारा डॉक्टर असेल की सासर, याची खात्री कोण देणार? कोल्हापूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण बसवण्यात आले, तेव्हा त्यामागे गर्भलिंगनिदान रोखण्याचा रास्त हेतू होता. तरीही सेवेसाठी घेतलेली माहिती पाळतीसाठी वापरता येते, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि पाळतीची शंका आलेली स्त्री नोंदच टाळते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संशोधन व सांख्यिकीला सवलत देताना, त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येणार नाही, अशी अट घातली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९५ पासून चालणाऱ्या व्यवस्थेचे तत्त्व या संदर्भात अनुकरणीय वाटते: जोडणी करणाऱ्यांना नावे आणि पत्ते दिसतात पण आजार दिसत नाही, तर संशोधकांना आजार दिसतो पण नावे दिसत नाहीत. अर्थात दोनशे उंबऱ्यांच्या गावात वर्षभरात एकच मृतजन्म झाला असेल, तर नाव झाकूनही ती स्त्री कोण हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून लहान गावांचे आकडे तालुक्याच्या पातळीवर एकत्र करूनच प्रसिद्ध करावे लागतात.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ९४.७ टक्के प्रसूती संस्थेत होतात, आणि त्यामुळे आई व बाळ यांच्या नोंदी एकमेकींशी बांधण्याचा सर्वांत स्वस्त क्षण कोणता हे ठरवणे अवघड नाही: बाळ जन्मते तेव्हा दोघेही एकाच खोलीत असतात आणि आईचे कार्ड बहुधा तिच्या उशाशी असते. तिचा आरसीएच क्रमांक प्रसूतिकक्षाच्या रजिस्टरमध्ये, बाळाच्या केसपेपरवर, आणि जन्म, मृत्यू व मृतजन्म या तिन्ही घटनांच्या नोंदणी नमुन्यांवर त्याच वेळी उतरवला गेला, तर बारशाच्या आधी दगावलेल्या बाळाला नावाची गरज उरत नाही, आणि उरणची आई, वाशीचा जन्म व मुंबईचा मृत्यू हे तीन कागद पुढे कोणत्याही संगणकाला जुळवता येतात. हे काम ज्या परिचारिकेने रात्रपाळीत करायचे, तिच्या वाट्याला एकाच वेळी किती प्रसूती येतात, याचा विचार मात्र क्रमांकाची सक्ती करण्याआधी व्हायला हवा.